सार्वजनिक ट्रस्टचे हिशोब आणि कर (महाराष्ट्र)

गावातलं देवस्थान, वाचनालय, शिक्षण संस्था, धर्मादाय हॉस्पिटल, वृद्धाश्रम, जिथं पैसा कुणा एकाच्या मालकीचा नसतो आणि विश्वस्त फक्त तो सांभाळतात, ते सगळे सार्वजनिक ट्रस्ट. महाराष्ट्रात त्यांच्या हिशोबावर मुख्यतः दोन कायद्यांची नजर असते. एक राज्याचा १९५० चा सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायदा, तो धर्मादाय आयुक्तांचं ऑफिस बघतं, आणि दुसरा केंद्राचा आयकर कायदा. दोन्हीकडे फॉर्म वेगळे, तारखा वेगळ्या, आणि एकीकडचं काम झालं म्हणून दुसरीकडचं माफ होत नाही. छोट्या संस्थांचं घोडं इथंच अडतं, धर्मादायला नोंदणी झाली म्हणजे टॅक्स लागत नाही असं समजून वर्षानुवर्षं रिटर्नच भरलेलं नसतं.

धर्मादायकडचा हिशोब

ताळेबंद आठव्या अनुसूचीत आणि उत्पन्न-खर्च पत्रक नवव्या अनुसूचीत द्यायचं असतं. हा नमुना जुना आहे पण विचार करून केलेला आहे. ताळेबंदात ट्रस्टचा कायम निधी म्हणजे कॉर्पस सगळ्यात वर आणि ठरावीक कामासाठी राखून ठेवलेले निधी त्याच्याखाली वेगळे, म्हणजे इमारत निधीचा पैसा पगारात गेला का ते दिसतं. खर्चाच्या बाजूला ऑफिसचा खर्च वेगळा आणि ट्रस्टच्या उद्देशांवरचा खर्च वेगळा दाखवायचा, तोही धार्मिक, शैक्षणिक, वैद्यकीय मदत, गरिबांना मदत आणि इतर अशा पाच ओळींत. माझ्या मते एखादी संस्था खरंच काय काम करते हे बघायचं असेल तर अहवालातले फोटो बाजूला ठेवून आधी या पाच ओळी वाचाव्यात.

ऑडिट रिपोर्ट हिशोब बंद झाल्यापासून सहा महिन्यांत द्यावा लागतो. ऑडिटरने नुसती बेरीज तपासायची नसते, ऑडिटच्या दिवशी हातातली रोकड आणि व्हाउचर पुस्तकाशी जुळतात का, ५००० रुपयांच्या वरच्या दुरुस्ती-बांधकामाला टेंडर मागवले का, कलम ३५ ने ठरवून दिलेल्या जागा सोडून भलतीकडे पैसे गुंतवलेत का, हे सगळं लिहून द्यायचं असतं. ट्रस्टची जमीन किंवा इमारत विकायची तर कलम ३६ खाली आयुक्तांची परवानगी आधी घ्यावी लागते. विश्वस्त बदलला तर ९० दिवसांत बदल अर्ज, ज्याला सगळे चेंज रिपोर्टच म्हणतात. तो अडकून राहिला की कागदोपत्री जुनेच विश्वस्त राहतात आणि बँकेत सह्या बदलताना अडचण येते.

आयकराची बाजू

आयकर कायद्याखाली वेगळी नोंदणी लागते, १९६१ च्या कायद्यात ती कलम १२एबी. मुख्य नियम ८५ टक्क्यांचा. समजा वर्षाचं उत्पन्न १० लाख, तर ८.५ लाख त्याच वर्षात ट्रस्टच्या कामावर खर्च व्हायला हवेत आणि उरलेले दीड लाख विनाअट ठेवता येतात. ७ लाखच खर्च झाले तर ८.५ लाखांतल्या राहिलेल्या दीड लाखासाठी फॉर्म १० भरून नक्की कशासाठी साठवतोय ते सांगायचं, जास्तीत जास्त पाच वर्षांसाठी, आणि पैसे कायद्याने ठरवून दिलेल्या ठिकाणीच ठेवायचे. खर्च म्हणजे प्रत्यक्ष दिलेले पैसे, मार्चमध्ये बिल आलं पण चेक एप्रिलमध्ये दिला तर तो पुढच्या वर्षाचा.

कॉर्पसला ८५ टक्क्यांचा नियम लागत नाही, पण त्यासाठी देणगीदाराने तसं स्पष्ट सांगितलेलं हवं. म्हणजे पावतीबरोबर दोन ओळींचं सहीचं पत्र, ‘ही रक्कम संस्थेच्या कायम निधीसाठी देत आहे’. खजिनदाराने नंतर स्वतःच्या मनाने लेजरमध्ये कॉर्पस लिहून चालत नाही. हा कागद देणगी घेतानाच घ्यावा, चार वर्षांनी देणगीदाराला शोधत फिरणं फार अवघड असतं.

८०जी, म्हणजे देणगीदाराला करात वजावट देणारं कलम, त्याबद्दलही लोकांचा गोंधळ असतो. बहुतेक ट्रस्टना दिलेल्या देणगीवर निम्मी रक्कम उत्पन्नातून वजा होते, करातून नाही, आणि त्यालाही मर्यादा आहे. नवीन कर पद्धत घेतली असेल तर ही वजावट मिळतच नाही. २००० रुपयांच्या वर रोख दिले तरी नाही. शिवाय संस्थेने ३१ मेपर्यंत फॉर्म १०बीडी भरून देणगीदाराला १०बीई सर्टिफिकेट द्यायला हवं, उशीर झाला की दिवसाला २०० रुपये फी. त्यामुळे पावतीपुस्तकात नाव, पत्ता, पॅन तिथल्या तिथे लिहून घेतलेले बरे. नावच नसलेल्या देणग्यांवर ठरावीक मर्यादेपुढे ३० टक्के कर आहे, पण निव्वळ धार्मिक ट्रस्टला तो लागत नाही, म्हणून देवळाच्या दानपेटीला सूट आहे आणि शाळेत ठेवलेल्या पेटीला नाही.

विश्वस्तांना किंवा त्यांच्या नातेवाईकांना फायदा दिला, उदाहरणार्थ बाजारभावापेक्षा जास्त भाडं, तर कर लागतो. आणि नोंदणी कायमची नसते, २०२१ पासून ती साधारण पाच वर्षांची असते, लहान ट्रस्टना २०२५ पासून दहा वर्षांचीही मिळू शकते. नूतनीकरणाचा अर्ज वेळेत गेला नाही तर संस्थेच्या साठलेल्या मालमत्तेच्या बाजारभावावरच कमाल दराने कर बसू शकतो, म्हणजे पन्नास वर्षं जपलेली इमारत एका राहिलेल्या फॉर्मपायी धोक्यात येते. ही तारीख प्रत्येक विश्वस्ताला पाठ असावी.

परदेशी पैसा आणि हॉस्पिटल

परदेशातून देणगी घ्यायची तर २०१० च्या एफसीआरए कायद्याखाली नोंदणी किंवा पूर्वपरवानगी हवी, आणि २०२० च्या दुरुस्तीनंतर पैसे आधी स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या खात्यातच यायला हवेत, प्रशासनावरचा खर्च २० टक्क्यांच्या आत. अमेरिकेतल्या मराठी मंडळींनी गावच्या शाळेला डॉलर पाठवायचे म्हटले की पहिला प्रश्न हाच येतो. पाठवणारा भारतीय पासपोर्टवाला असेल आणि स्वतःच्या कमाईतून बँकेमार्फत देत असेल तर सहसा ही अट येत नाही, म्हणून पासपोर्टची कॉपी फाइलला लावून ठेवतात.

धर्मादाय हॉस्पिटलांना राज्याच्या १९५० च्या कायद्याचं कलम ४१एए आणि मुंबई हायकोर्टाने मान्य केलेल्या योजनेमुळे एकूण बिलिंगच्या २ टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत वेगळी ठेवावी लागते, १० टक्के खाटा निर्धनांना मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांना सवलतीत. या निधीचा हिशोब वेगळा असतो आणि तो मागायचा पेशंटच्या नातेवाईकांना हक्क वाटायला हवा.

१ एप्रिल २०२६ पासून २०२५ चा नवा आयकर कायदा लागू आहे, त्यात कलमांचे आणि फॉर्मचे नंबर बदललेत (वर दिलेले नंबर जुन्या कायद्यातले) पण ८५ टक्क्यांसारखे मूळ नियम तसेच आहेत. जुन्या वर्षांच्या केसेस मात्र जुन्याच कायद्याने चालतात, म्हणून जुनी कॅशबुकं, व्हाउचरं आणि पावत्यांची स्थळप्रत दहा वर्षं तरी फेकायची नाही.