गिनीपिगचा पिंजरा घरी बांधताय? आधी जोडा, मग मोजा

(आमच्याकडून जाळीचे पॅनल आणि तळाची प्लास्टिक शीट नेणाऱ्या ग्राहकांसाठी)

"दोन बाय चारचा पिंजरा आहे, तेवढी शीट कापून द्या." ही मागणी आमच्याकडे जवळजवळ रोज येते. दोन बाय चार म्हणजे रुंदीला दोन पॅनल, लांबीला चार. पॅनल 14 इंचाचं, म्हणजे रुंदी 28 आणि लांबी 56 इंच, असा हिशेब लोक घरूनच करून येतात. कागदावर तो बरोबर असतो, पण पिंजऱ्यात चुकतो. पॅनल एकमेकांना जोडणारे कोपऱ्यातले कनेक्टर जागा खातात, एका कंपनीचं पॅनल दुसरीपेक्षा थोडं लहान-मोठं असतं. त्यामुळे जोडून झाल्यावर आतली रुंदी 28 ऐवजी 27 च भरते, असं बहुतेक वेळा होतं.

एका इंचानं काय बिघडतं? मोठी शीट आत दाबून बसवली की तळ मधोमध फुगतो आणि लघवी कडेला साचते. लहान पडली तर वाढवता येत नाही. तुकडा जोडून टेप मारली तर लघवी त्या जोडात मुरते आणि कितीही धुतलं तरी वास जात नाही. मग जालना-परभणीहून आलेल्या माणसाला दुसरा हेलपाटा पडतो आणि शीटचे पैसे वाया जातात ते वेगळेच. कापलेली शीट आम्ही परत घेत नाही, त्याचं कारणही हेच. ती दुसऱ्या कुणाच्या पिंजऱ्यात बसत नाही.

म्हणून आधी फक्त पॅनल आणि कनेक्टर न्या. दोन बाय चारला 12 पॅनल आणि 24 कनेक्टर लागतात. पिंजरा जिथे कायम ठेवायचा तिथेच, सपाट फरशीवर जोडा आणि मोजटेपनं आतलं माप घ्या. रुंदी तीन ठिकाणी मोजा, लांबीही तीन ठिकाणी. त्यातलं सर्वांत कमी माप धरा आणि त्यातून पाव इंच वजा करा. शीट चारी बाजूंनी दुमडून 6 इंचांची भिंत उभी करायची असल्यानं दोन्ही मापांत 12-12 इंच मिळवा. आत 27 बाय 56 भरलं, तर शीट पावणेएकोणचाळीस बाय पावणेअडुसष्ट इंचांची. 8 बाय 4 फुटांच्या एका शीटमध्ये ती निघते आणि 28 बाय 48 इंचांचा तुकडा उरतो. तो टाकू नका, वरच्या मजल्यावर जायचा उतार आणि घरटं त्यातच होतं.

शीट 4 मिमीची सनपॅक (आत पोकळ नळ्या असलेली प्लास्टिक शीट) घ्या. 3 मिमीच्या भिंती वाकतात. जुना जाहिरातीचा बोर्ड चालतो, फक्त छपाईची बाजू बाहेर ठेवा. दुमडीची रेघ कटरनं ओढताना वरचा एकच पापुद्रा कापायचा, आरपार नाही, आणि रेघ नेहमी बाहेरच्या बाजूनं. भिंत रेघेपासून उलट दिशेला दुमडायची, म्हणजे आतली बाजू अखंड राहते आणि नळ्यांत लघवी शिरत नाही. कोपऱ्यात मात्र एका रेघेवर 6 इंच आरपार कापून जीभ करा, शेजारच्या भिंतीमागे वळवा आणि टेप बाहेरून लावा. आतून लावलेली टेप कुरतडली जाते. भिंतीच्या वरच्या कडेला फाइलची प्लास्टिक पट्टी चढवा, नाहीतर ती कड कुरतडणंही सुरू होतं. तुम्ही मापाची चिठ्ठी आणलीत तर कापणं आणि रेघा मारणं आम्ही मोफत करून देतो.

जाळीची भोकं दीड इंचापेक्षा मोठी नकोत, पिल्लाचं डोकं अडकतं. पॅनल केबल टायनं (प्लास्टिकच्या बांधणीपट्टीनं) बांधले तर तिची कापलेली टोकं बाहेर वळवा.

जोडीसाठी साडेसात चौरस फूट, म्हणजे साधारण दोन बाय तीन, ही कमीत कमी जागा. आम्ही दोन बाय चारच सुचवतो. वरचा मजला केला तरी तो या हिशेबात धरू नका. हा प्राणी चढणारा नाही. उतार 30 अंशांपेक्षा कमी ठेवा, दोन्ही कडांना कठडा द्या आणि वर फ्लीस (मऊ, लोकरीसारखं सिंथेटिक कापड) चिकटवा.

तळावर अंथरायच्या फ्लीसबद्दल तक्रार ठरलेली: "पाणी वरच राहतं." नवीन फ्लीस पाणी शोषत नाही, खाली सोडतही नाही. गरम पाण्यात तीन-चार वेळा धुवा, कम्फर्टसारखा सॉफ्टनर घालू नका. मग वर चमचाभर पाणी ओता. थेंब मोत्यासारखे उभे राहिले तर अजून एक धुणं. झटकन खाली गेलं तर फ्लीस तयार. खाली शोषणारा थर हवाच. जुनी गोधडी उत्तम, पण सुटे धागे पायात गुंडाळतात, म्हणून कडा पूर्ण झाकून घ्या. सुताराकडचा भुसा नको. बारीक धूळ नाकात जाते आणि त्यात प्लायचा भुसाही असतो.

आपल्याकडचा एप्रिल-मे हा खरा कसोटीचा काळ. 26-27 अंशांपुढे गिनीपिगला उष्माघाताचा धोका सुरू होतो आणि इथे पारा चाळिशी ओलांडतो. प्लास्टिकचं घरटं तेव्हा भट्टी होतं. मातीची मोठी कुंडी आडवी ठेवा, तोंड किमान 6 इंच, कडा पॉलिश पेपरनं घासलेली. तिला बाहेरून पाणी लावलं की आत गारवा राहतो. शेजारी शहाबादी फरशीचा तुकडा टाका, त्यावर ते पोट टेकून बसतात. गोठवलेली बाटली कापडात गुंडाळून एका कोपऱ्यात ठेवा, दुसरा कोपरा मोकळा सोडा. कूलरचा झोत थेट अंगावर नको. लाळ गळू लागली, धाप लागली आणि प्राणी आडवा पडला तर ओल्या, फार थंड नसलेल्या कापडानं अंग पुसा आणि लगेच पशुवैद्य गाठा.

बोगद्यासाठी शेतीच्या दुकानातला 160 मिमीचा पाइप आणा. 110 चा स्वस्त पडतो, पण त्यात मोठा नर अडकतो. घरटं कुठलंही करा, त्याला दोन दारं ठेवा. एकच दार असलं की दबंग प्राणी दारात बसतो आणि दुसरा आत कोंडला जातो.

पळण्याचं चाक आणि प्लास्टिकचा चेंडू आम्ही ठेवत नाही, मागवूनही देत नाही. गिनीपिगच्या पाठीच्या कण्याला ते सोसत नाही. तारेचा तळ असलेले पिंजरेही नाहीत, कारण त्यावर तळपाय सोलवटतात, जखमा होतात. तसा पिंजरा आधीच घेतला असेल तर त्याच्या आतलं माप आणा, त्यावर बसेल असा शीटचा तळ करून देतो.

शीट घ्यायला येताना चिठ्ठीवर तीन आकडे लिहा: आतली सर्वांत कमी रुंदी, सर्वांत कमी लांबी आणि भिंतीची उंची. पॅनल किती आहेत ते सांगू नका, इंच सांगा.