आधी कृपा, मग दान: ख्रिस्ती विचारात संपत्तीची जागा

इंदूरच्या मराठी माणसाला दानाचं मोल सांगावं लागत नाही. अहिल्याबाईंनी आपल्या खासगीच्या उत्पन्नातून काशी, गया, सोमनाथ इथं देवळं उभी केली, ठिकठिकाणी घाट आणि धर्मशाळा बांधल्या. दिलं की पुण्य गाठीला लागतं, हा हिशेब आपल्या बोलण्यात इतका मुरलाय की शेजारच्या ख्रिस्ती कुटुंबाकडेही आपण त्याच नजरेनं पाहतो. तीही माणसं देतात, अनेकदा ऐपतीपेक्षा जास्त देतात. पण त्या देण्यानं आपलं तारण, म्हणजे पापातून सुटका, होतं, असं त्यांची श्रद्धा म्हणत नाही. उलट हल्ली मोबाइलवर ‘विश्वास ठेवा, अर्पण द्या, भरभराट होईल’ असं सांगणारे उपदेशक ऐकून अनेकांना तोच ख्रिस्ती धर्म वाटतो. या दोन्ही समजुतींच्या मागे मोठा इतिहास आहे.

मूळ गोष्ट मार्काच्या शुभवर्तमानातली, म्हणजे बायबलमधल्या येशूच्या चरित्रातली, दहाव्या अध्यायातली. एक धनवान माणूस येशूला विचारतो, सार्वकालिक जीवन मिळवायला मी काय करू? सगळं विकून गोरगरिबांना दे आणि माझ्यामागे ये, असं उत्तर येतं आणि तो खिन्न होऊन निघून जातो. सुईच्या नाकातून जाणाऱ्या उंटाचा दाखला इथलाच. बहुतेक जण तिथेच थांबतात. पण पुढे शिष्य हादरून विचारतात, मग तारण होणार तरी कोणाचं? येशू म्हणतो, माणसांना हे अशक्य आहे, देवाला नाही. सुरुवात पैशाच्या प्रश्नानं झालेली ही गोष्ट कृपेपाशी, म्हणजे न कमावता देवाकडून मिळणाऱ्या देणगीपाशी, येऊन थांबते. श्रीमंताला स्वतःच्या बळावर आत जाता येत नाही, आणि गरिबालाही नाही.

लूकच्या शुभवर्तमानात याच प्रसंगानंतर थोड्याच अंतरावर जक्कय भेटतो. यरीहोचा मुख्य जकातदार, लोकांना लुबाडून गबर झालेला. येशू त्याला आपण होऊन सांगतो की आज मी तुझ्या घरी उतरणार. मग जक्कय उभा राहून जाहीर करतो, अर्धी मालमत्ता गरिबांना, आणि ज्यांना फसवलं त्यांना चौपट परत. यातला क्रम मला फार महत्त्वाचा वाटतो. पाहुणा आधी घरी आला, तिजोरी नंतर उघडली. येशूचा प्रेषित पौल इफिसकरांच्या पत्रात तारण कृपेनं, विश्वासाच्या द्वारे, कर्मांनी नव्हे, असं लिहितो तेव्हा तोही हाच क्रम सांगत असतो. याकोबाच्या पत्रात कर्मांविना विश्वास निर्जीव ठरवला आहे, तेही याच्या आड येत नाही. तिजोरी बंदच राहिली असती तर पाहुणा आल्याचं कुणाला पटलं असतं?

पुढच्या शतकांत हा क्रम टिकवणं जड गेलं. सन 200च्या सुमारास अलेक्झांड्रियाचा ख्रिस्ती विचारवंत क्लेमेंट यानं सांगितलं की टाकायची आहे ती धनाची आसक्ती. कुणाकडेच काही नसेल तर भुकेल्याला घालणार काय? इजिप्तच्या अंतोनीनं मात्र ‘सगळं विकून दे’ हेच वचन शब्दशः घेऊन जमीन गावकऱ्यांना देऊन टाकली आणि वाळवंट गाठलं. पाचव्या शतकात, माणूस स्वतःच्या बळावर चांगलं वागू शकतो असं म्हणणाऱ्या पेलागियसशी वाद घालताना बिशप ऑगस्टिननं ठाम भूमिका घेतली की चांगलं करण्याची इच्छासुद्धा देवाच्या कृपेनंच जागी होते.

सोळाव्या शतकात प्रकरण हातघाईवर आलं. ब्रांडेनबुर्गच्या आल्ब्रेख्टनं माइन्झच्या आर्चबिशपपदासाठी फुगर या सावकारी पेढीकडून कर्ज काढलं होतं. रोममध्ये सेंट पीटर्स या चर्चचं बांधकाम चालू होतं. म्हणून पापाच्या शिक्षेतून सूट देणारी पत्रं विकायची, निम्मे पैसे रोमला आणि निम्मे कर्जफेडीला, असा बंदोबस्त झाला. 1517 मध्ये जर्मन धर्मसुधारक मार्टिन लूथरनं जे 95 मुद्दे मांडले ते या व्यवहारावर. त्यातला त्रेचाळिसावा म्हणतो की सूटपत्र विकत घेण्यापेक्षा गरिबाला देणं बरं. बासष्टावा म्हणतो की मंडळीचं, म्हणजे चर्चचं, खरं भांडार म्हणजे देवाच्या कृपेची सुवार्ता. रोमन कॅथलिक बाजूनं ट्रेंटच्या धर्मपरिषदेत 1547 मध्ये आपली मांडणी केली, तीही कृपेपासूनच सुरू होते. 1999 मध्ये लूथरन आणि कॅथलिकांनी माणूस देवापुढे नीतिमान ठरवला जाण्याविषयी संयुक्त जाहीरनामाच काढला.

लूथरनंतरचा धागा धर्मसुधारक कॅल्व्हिनच्या जिनिव्हातून स्कॉटलंडला, तिथून कॅनडाला आणि 1877 मध्ये कॅनडियन प्रेस्बिटेरियन मिशनबरोबर थेट इंदूरला आला. 1887 मध्ये सुरू झालेलं इंदूर ख्रिश्चन कॉलेज त्याच मिशनचं.

मराठीत हा विचार ज्यांनी जगून दाखवला त्यांत पंडिता रमाबाईंचं नाव पहिलं घ्यावं लागतं. त्यांच्या आईवडिलांनी तीर्थाटन आणि दानधर्म यांत होतं नव्हतं ते संपवलं आणि 1870च्या दशकातल्या दुष्काळात प्राण सोडले. रमाबाईंनी 1883 मध्ये बाप्तिस्मा घेतला. पण धर्म सापडला तरी ख्रिस्त सापडायचा होता, तो काही वर्षांनी, आपल्याकडे द्यायला काहीच नाही हे कळल्यावर, असं त्यांनी 1907 मधल्या आपल्या साक्षीत लिहिलं. त्या साक्षीच्या नावातच कधीही न संपणाऱ्या भांडाराचा उल्लेख आहे. 1896-97च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या, तिथल्या उपाशी मुली घेऊन आल्या आणि केडगावच्या आपल्या मुक्ती या आश्रमात त्यांना हाताला काम दिलं. रेव्हरंड ना. वा. टिळक तुकोबांच्या वाटेनंच ख्रिस्ताकडे आले असं सांगत. 1917 मध्ये त्यांनी मिशनची पगारी नोकरी सोडून साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ हा ख्रिस्तभक्तांचा मेळा मांडला.

हे सगळं समोर असताना आजचा भरभराटीचा उपदेश ऐकला की जीव तुटतो. विसाव्या शतकाच्या मध्यावर अमेरिकेत जोर धरलेली ही शिकवण टीव्हीवरून आणि मग मोबाइलवरून घराघरांत पोचली. सूटपत्रांच्या काळी पैसा देऊन पापाच्या शिक्षेतून सूट मिळत होती. इथे विश्वास देऊन पैसा मागायचा. व्यवहार तोच, फक्त दिशा बदलली. आणि त्याची झळ सर्वांत आधी आजारी, कर्जात बुडालेल्या माणसाला बसते, कारण भरभराट झाली नाही की दोष त्याच्या विश्वासाला लागतो.

‘जो सढळ पेरतो तो सढळ कापील’ या वचनाचा हे उपदेशक नेहमी आधार घेतात. ते करिंथकरांच्या दुसऱ्या पत्राच्या नवव्या अध्यायात आहे, आणि तिथे पौल यरुशलेमेतल्या गरजू भावंडांसाठी मदत गोळा करत होता. आधीच्या अध्यायात तो मासेदोनियातल्या मंडळ्यांचं कौतुक करतो, ज्यांनी स्वतः कमालीच्या दारिद्र्यात असताना शक्तीबाहेर दिलं. त्या देणगीनं त्या मंडळ्या पुढे श्रीमंत झाल्या, असं पौल कुठेही लिहीत नाही.