हिरवं बटण आणि बांधावरचा फोन

कुठल्याही तहसील कचेरीबाहेर पाच मिनिटं उभे राहा, ‘झेरॉक्स’ लिहिलेल्या तीन-चार पाट्या दिसतील. ‘दोन झेरॉक्स मार रे’ म्हणताना आपण एका अमेरिकन कंपनीचं नाव घेतोय, हे कुणाच्या मनातही येत नाही. याच कंपनीच्या पालो अल्टोच्या संशोधन केंद्रात इंजिनिअरांच्या शेजारी मानववंशशास्त्र शिकलेली माणसंही काम करत होती, हे तर फारच थोड्यांना ठाऊक असेल.

त्यांतल्या एक ल्यूसी सचमन. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला कंपनीनं एक मोठं कॉपिअर बाजारात आणलं. हिरवं बटण दाबलं की झालं, असा जाहिरातीचा सूर. गिऱ्हाइकं मात्र म्हणत होती, यंत्र अवघड आहे. सचमन यांनी तसलंच यंत्र केंद्रात मांडलं, समोर कॅमेरा लावला आणि माणसांना दोघादोघांनी त्यावर काम करायला सांगितलं. दोघंच का? कारण एकटा माणूस मनातल्या मनात चरफडतो. दोघं असले की अडचण तोंडावाटे बाहेर पडते. एका चित्रफितीत संगणकशास्त्रातले दोन नामवंत शास्त्रज्ञ पाठपोट प्रती काढताना पुरते गोंधळलेले दिसतात! सचमन यांचा निष्कर्ष असा, की माणूस ठरवलेल्या आराखड्याबरहुकूम वागत नाही, समोर जे घडतंय ते बघून पुढचं पाऊल टाकतो. आणि यंत्राला त्यातलं फारच थोडं ‘दिसतं’. १९८७ साली हे पुस्तकरूपात आलं आणि यंत्रं आखण्याच्या विद्येला त्यानं मोठं वळण दिलं.

त्यांचे सहकारी ज्युलियन ऑर कॉपिअर दुरुस्त करणाऱ्यांबरोबर हिंडले. त्यांना दिसलं, की नेमका बिघाड जाड माहितीपुस्तिकेत सापडत नाही. तो कॉफी पिताना एकमेकांना सांगितलेल्या किश्श्यांत सापडतो. पुढे अशा युक्त्या साठवून सगळ्या तंत्रज्ञांपर्यंत पोचवणारी ‘युरेका’ नावाची यंत्रणा कंपनीनं उभारली.

या प्रकाराला गुणात्मक संशोधन म्हणतात. किती, हा प्रश्न बाजूला ठेवून कसं आणि का, हे विचारायचं. आपल्याकडचं उदाहरण घ्या. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर ई-पीक पाहणी सुरू झाली. शेतकऱ्यानं स्वतः शेतात उभं राहून फोटो काढायचा आणि पीक नोंदवायचं. किती नोंदी झाल्या, हा आकडा सरकारकडे असतो. पण समजा, तुम्ही वीस शेतकऱ्यांशी निवांत बोललात. मग कदाचित कळेल, की नोंद पुतण्यानं केली. रेंज बांधावर मिळत होती म्हणून बांधावर चढावं लागलं. किंवा ज्या सुनेनं पीक लावलं, तिच्या हातात फोनच नव्हता. यातलं काहीही आकड्यात उमटत नाही.

मोठ्या तंत्रज्ञानाची अशी चौकशी आपल्याला नवी नाही. कोयना धरणानं उठवलेल्या माणसांची पाहणी इरावती कर्वे आणि जाई निंबकर यांनी केली आणि ती १९६९ साली पुण्याच्या डेक्कन कॉलेजनं प्रसिद्ध केली.

आता वीस मुलाखती म्हणजे सहज तीन-चारशे पानं. ती वाचायची, आणि अर्थपूर्ण वाक्य दिसलं की त्याला चिठ्ठी लावायची: ‘पुतण्यानं करून दिलं’, ‘बांधावर रेंज’, ‘चुकेल अशी भीती’. याला कोडिंग म्हणतात. प्रोग्रॅमिंगशी त्याचा संबंध नाही. बार्नी ग्लेसर आणि अँसेल्म स्ट्रॉस या समाजशास्त्रज्ञांनी १९६७ साली मांडलेली पद्धत सांगते, की चिठ्ठ्या घरून लिहून नेऊ नका, मजकुरातून वर येऊ द्या. पूर्वी हे काम कात्री, डिंक आणि खोकी घेऊन चालायचं. एक वाक्य तीन खोक्यांत हवं असेल, तर त्याच्या तीन प्रती. म्हणजे पुन्हा झेरॉक्सच!

त्या खोक्यांना कंटाळूनच सॉफ्टवेअर जन्माला आलं. मेलबर्नच्या ला ट्रोब विद्यापीठात समाजशास्त्रज्ञ लिन रिचर्ड्स यांच्या मुलाखतींचा पसारा आवरायला त्यांचे पती टॉम यांनी प्रोग्रॅम लिहिला. त्याच्या लांबलचक इंग्रजी नावाची आद्याक्षरं जुळवून ‘नूडिस्ट’ हा शब्द तयार केलेला होता. विद्यापीठातल्या माणसांनाही चावटपणा सुचतो तर. त्याचाच वारस एनव्हिवो, १९९९ सालचा. जर्मनीत उडो कुकार्ट्झ यांनी १९८९ साली मॅक्स आणलं, त्याचं आज मॅक्सक्यूडीए झालंय. बर्लिनच्या तांत्रिक विद्यापीठातल्या एका प्रकल्पातून ॲटलास-टीआय निघालं.

‘यांतलं कुठलं घेऊ?’ हा प्रश्न विद्यार्थी पहिल्याच दिवशी विचारतात, आणि मला तो थोडा उलटा वाटतो. यांतलं एकही सॉफ्टवेअर तुमच्या वतीनं विचार करत नाही. ती कपाटं आहेत. उत्तम कपाटं, पण कपाटंच. आधी तीन मुलाखती कागदावर, रंगीत पेनं घेऊन कोड करा. कुठं अडतं ते कळलं, की कुठलं कपाट हवं तेही कळतं.

मी स्वतः दोन गोष्टी बघतो. पहिली, बाहेर पडायची वाट. महागड्या सॉफ्टवेअरचा परवाना बहुधा वर्षाचा असतो. पीएचडी लांबते (ती लांबतेच), परवाना संपतो आणि आपलेच कोड आपल्याला परके होतात. २०१९ साली अशा प्रकल्पांच्या देवाणघेवाणीचा एक सामायिक साचा ठरला, रेफी-क्यूडीए नावाचा. तो पाळणारं सॉफ्टवेअर असेल, तर बिऱ्हाड हलवता येतं. सगळं सामान धड पोचतंच असं नाही. ही काळजी नुसती पुस्तकी नाही. एनव्हिवो आणि ॲटलास-टीआय हे जुने स्पर्धक आता ल्युमिव्हेरो या एकाच कंपनीच्या मालकीचे आहेत. पैशांची चणचण असेल, तर टॅगेट हे मोफत आणि मुक्त-स्रोत सॉफ्टवेअर अर्ध्या तासात जमतं. मजकूर रंगवायचा, चिठ्ठी लावायची, निवडलेले उतारे एक्सेलमध्ये काढायचे. त्यात ध्वनिफीत किंवा चित्रफीत मात्र चालत नाही. ती लागणार असेल तर क्वालकोडर बघा, तेही मोफत. दिसायला ओबडधोबड, पण कामाला भारी.

दुसरी गोष्ट, मराठी. परदेशी माहितीपत्रकांत हिच्याबद्दल अवाक्षर नसतं, आणि आपल्या विद्यार्थ्यांचा निम्मा वेळ इथंच जातो. ‘शेतकऱ्यांना’ हा शब्द संगणकात दोन तऱ्हांनी साठवता येतो, कारण त्यातला अर्धा र लिहायच्या दोन रीती आहेत. पडद्यावर दोन्ही सारख्याच दिसतात, पण शोध घेतला की एकीच्या नोंदी सापडतात आणि दुसरीच्या गळून पडतात. शिवाय शेतकरी, शेतकऱ्यानं, शेतकऱ्याचा या विभक्तीच्या रूपांना सॉफ्टवेअर वेगवेगळे शब्द मानतं, त्यामुळे शब्दांची वारंवारिता दाखवणारी ती रंगीत चित्रं मराठीत जवळपास निरुपयोगी ठरतात. सरकारी कागद जुन्या, युनिकोड नसलेल्या फाँटमधले असले तर शोध विसराच. म्हणून चाचणी सोपी ठेवा: एका मुलाखतीचं एक पान, भरपूर जोडाक्षरांचं, सॉफ्टवेअरमध्ये टाका. शोधा, रंगवा, बाहेर काढा. पान जसंच्या तसं परत आलं, तरच पुढं बोला.

आणि कोडिंग मराठीतच करा. आधी सगळं इंग्रजीत उतरवून मग कोड लावायची सवय विद्यापीठांत रुजली आहे, ती मला पटत नाही. ‘मला ॲप येत नाही’ आणि ‘अजून हात बसला नाही’ या दोन वाक्यांत तफावत आहे. दुसरं बोलणारी बाई शिकायच्या वाटेवर आहे, तिला वेळ हवाय. इंग्रजीत दोघी ‘अडाणी वापरकर्त्या’ होऊन बसतात. अहिराणी किंवा वऱ्हाडी मुलाखतींत हे नुकसान आणखी मोठं. भाषांतर शेवटी करा, छापायच्या उताऱ्यांपुरतं.

बोलणं आपोआप उतरवणारी साधनं आता मराठीही ओळखतात. व्हिस्पर तर आपल्याच संगणकावर चालवता येतं. पण मागं ट्रॅक्टर सुरू असेल, तर ते बिनदिक्कत भलतंच लिहितं. ऐकून तपासल्याशिवाय ते वापरू नका. तुमच्यासाठी कोडही सुचवणारे एआय हल्ली या सॉफ्टवेअरांत आलेत. तिथं बहुधा मजकूर कुणाच्या तरी सर्व्हरवर जातो. कर्जाबद्दल विश्वासानं बोललेल्या माणसानं त्याला होकार दिला होता का?

राखीव प्रतीबद्दल, म्हणजे बॅकअपबद्दल, एकच गोष्ट सांगतो. म्हैसूरजवळच्या एका खेड्यात १९४८ साली राहून समाजशास्त्रज्ञ एम. एन. श्रीनिवास यांनी टिपणं घेतली होती. त्यांवर अठरा वर्षं संस्कार केलेल्या नोंदींच्या तिन्ही प्रती १९७० च्या एप्रिलमध्ये स्टॅनफर्डच्या एका अभ्यासखोलीत होत्या. कुणीतरी इमारतीला आग लावली आणि तिन्ही जळाल्या. पुढे त्यांनी पुस्तक आठवणीतून लिहिलं आणि ते गाजलं. पण ते श्रीनिवास होते.

हे शिकून करायचं काय? मुंबईत आयआयटीचं ‘सितारा’ हे ग्रामीण तंत्रज्ञानाचं केंद्र १९८५ पासून आहे. तिथं इंजिनिअर गावात जाऊन राहतात. समाजशास्त्राच्या वाटेनं यायचं तर देवनारची टाटा समाजविज्ञान संस्था आहे. दिल्लीत जेएनयूचं विज्ञान धोरण केंद्र, बंगळुरूला सेंटर फॉर इंटरनेट अँड सोसायटी आणि मायक्रोसॉफ्टची संशोधन प्रयोगशाळा. पीएचडीसाठी आयसीएसएसआरच्या, म्हणजे भारतीय सामाजिक विज्ञान संशोधन परिषदेच्या, पाठ्यवृत्त्या आहेत. कंपन्यांत हेच काम ‘यूएक्स रिसर्चर’ (वापरणाऱ्यांच्या अनुभवाचा अभ्यासक) या नावानं चालतं. अर्जात सॉफ्टवेअरांची यादी देण्यापेक्षा, नावं आणि खाणाखुणा काढून टाकलेल्या एका मुलाखतीचं नीट कोड केलेलं पान जोडा.

राहता राहिला प्रश्न पहिली मुलाखत कुणाची घ्यायची याचा. माझं उत्तर ठरलेलं आहे: तहसीलबाहेरचा झेरॉक्सवाला. गावातल्या निम्म्या लोकांचे पासवर्ड त्याच्या वहीत असतात, कुठला अर्ज कुठल्या पानावर अडकतो हे त्याला पाठ असतं, आणि हे त्याला आजवर कुणी विचारलेलं नसतं. दुपारी तीननंतर जा, तेव्हा गर्दी कमी असते.