श्राव्यातीत स्वच्छीकरण

द्रवात बुडवलेल्या वस्तूवरील मळ श्राव्यातीत, म्हणजे सुमारे २० किलोहर्ट्‌झपेक्षा अधिक कंप्रतेच्या (दर सेकंदाला होणाऱ्या कंपनांच्या संख्येच्या) ध्वनितरंगांच्या साहाय्याने सुटा करण्याची पद्धत. सराफ, चष्मेवाले, दंतवैद्य आणि यंत्रशाळा यांच्याकडे ती ‘अल्ट्रासॉनिक’ या नावानेच ओळखली जाते.

ध्वनी वस्तूला हलवून मळ झटकतो, असा समज पुष्कळदा आढळतो. प्रत्यक्षात हे काम द्रवात उत्पन्न होणारे सूक्ष्म बुडबुडे करतात. पोलादी टाकीच्या तळाला बाहेरून दाबविद्युत् पदार्थाच्या चकत्या चिकटवलेल्या असतात. पिएर व झाक क्यूरी या बंधूंनी १८८० मध्ये दाखवलेल्या दाबविद्युत् परिणामाचा (दाब दिल्यास वीज उत्पन्न होण्याचा) उलटा उपयोग येथे होतो : विद्युत् दाब बदलेल तशा चकत्या आकुंचन-प्रसरण पावतात व तळ कंप पावतो. तरंगाच्या विरलनात, म्हणजे दाब घटण्याच्या टप्प्यात, द्रव ताणला जाऊन पोकळ्या पडतात, त्या काही आवर्तनांत वाढतात आणि संपीडनात, म्हणजे दाब वाढण्याच्या टप्प्यात, कोसळतात. घन पृष्ठभागालगत कोसळणारा बुडबुडा सर्व बाजूंनी सारखा मिटत नाही. त्यातून पृष्ठभागाच्या दिशेने द्रवाची अतिसूक्ष्म, वेगवान धार सुटते आणि ब्रश पोहोचत नाही अशा आंधळ्या (एका टोकाला बंद) छिद्रांतला, आट्यांतला मळही उखडला जातो.

कंप्रता कमी, तेवढे बुडबुडे मोठे आणि आघात जोरदार. म्हणून यंत्रभागांवरील चिवट ग्रीससाठी २५ किलोहर्ट्‌झच्या आसपासची, सर्वसाधारण कामासाठी ४० किलोहर्ट्‌झची, तर सिलिकॉनच्या चकत्यांसारख्या नाजूक वस्तूंसाठी सुमारे १ मेगाहर्ट्‌झपर्यंतची कंप्रता वापरतात. पाण्यात विरघळलेली हवा आघात मवाळ करते, त्यामुळे ताजे पाणी भरल्यावर टाकी वस्तू न घालता काही मिनिटे चालवावी लागते. साधारण ५० ते ६० अंश सेल्सिअसला सफाई चांगली होते. मात्र रक्त लागलेल्या शस्त्रक्रियेच्या उपकरणांसाठी पाणी बरेच कमी तापवतात, कारण उष्णतेने प्रथिने गोठून चिकटून बसतात. ही सफाई म्हणजे निर्जंतुकीकरण नव्हे, ते नंतर वेगळे करावेच लागते. ज्वलनशील द्रव टाकीत थेट कधीही ओतू नये.

जो आघात मळ उखडतो तोच कच्च्या पृष्ठभागालाही उखडतो, हे ध्यानात ठेवले की योग्य-अयोग्य पदार्थ बहुतांशी आपोआप ठरतात. स्टेनलेस स्टील, टायटॅनियम, सोने, प्लॅटिनम, काच हे पदार्थ या पद्धतीस उत्तम. ॲल्युमिनियम मऊ असल्याने त्यावर खड्डे पडू शकतात आणि अल्कधर्मी द्रावणात ते झिजते. रबर व फोम ध्वनी शोषून घेतात, तर लाकूड व चामडे पाण्यानेच बिघडतात. रत्नांच्या बाबतीत अधिक सावधगिरी हवी. निर्दोष हिरा, माणिक व नीलम यांना सहसा धोका नसतो. पण पाचूतील चिरांत बहुधा तेल भरलेले असते व ते निघून जाऊन चिरा उघड्या पडतात. ओपल, पोवळे, फिरोजा आणि मोतीही वर्ज्य होत. त्यामुळे मोत्यांची नथ आणि लाखेवर जडवलेले दागिने या टाकीत घालू नयेत : मोत्याचा थर खराब होतो आणि गरम पाण्याने लाख मऊ पडून जडण सैल होते.