पार्श्वभूमी: 15 मिनिटांचा नियम आणि मुलांच्या डोक्याला बसलेला मुका मार

खेळताना मुलाच्या डोक्याला लागलं की मोठ्यांचे प्रश्न ठरलेले असतात. रक्त आलं का? उलटी झाली का? शुद्ध हरपली होती का? तिन्हींना 'नाही' असं उत्तर आलं की मूल परत मैदानात. मुलांच्या खेळातले सुरक्षेचे आजचे बरेच नियम यातल्या तिसऱ्या प्रश्नावरून झालेल्या वादातून आले, म्हणून इथे भर त्यावरच आहे.

सुरुवातीचा काळ थोडक्यात. 1905 च्या हंगामात अमेरिकी फुटबॉलमध्ये इतके तरुण दगावले की प्रकरण थेट राष्ट्राध्यक्षांपर्यंत गेलं आणि पुढच्या वर्षी नियम बदलले. त्यानंतर कित्येक दशकं सुरक्षा म्हणजे साधनं, असंच समीकरण होतं. हेल्मेट, पॅड, दातांचं कवच. पण कडक हेल्मेट डोक्यावर आल्यावर खेळाडू डोकं पुढे करूनच भिडू लागले आणि मानेचे मणके मोडून काही जण कायमचे अंथरुणाला खिळले. 1976 मध्ये डोक्याने धडक देण्यावर बंदी आली, तेव्हा हे प्रकार झपाट्याने घटले. हेल्मेट कवटी वाचवतं, आतल्या मेंदूला बसणारा हिसका थांबवत नाही.

या हिसक्याला मराठीत रुळलेला शब्द नाही. 'मुका मार' जवळचा वाटतो, पण तो पाठीलाही बसतो आणि मांडीलाही. 'कन्कशन' कानावर पडू लागला तो मुख्यतः 2019 पासून, क्रिकेटमध्ये डोक्याला लागलेल्या खेळाडूच्या जागी बदली खेळाडू उतरवायची मुभा मिळाल्यावर. इंग्रजीत शब्द होता, तरी घोळ होताच. 1966 च्या एका व्याख्येत दृष्टी किंवा तोल तात्पुरता बिघडणंही धरलेलं होतं, व्यवहारात मात्र बेशुद्धी हीच कसोटी होऊन बसली. प्रत्यक्षात अशा बहुतांश दुखापतींत शुद्ध हरपतच नाही.

1980 च्या दशकापासून या दुखापतीला श्रेणी देण्याची पद्धत पडली आणि गुंता वाढला. 1986 च्या एका मापनात काही सेकंद शुद्ध गेली तर दुसरी श्रेणी. 1991 च्या दुसऱ्या मापनात त्याच मुलाला तिसरी, म्हणजे सर्वात गंभीर. दरम्यान 1984 मध्ये एक भीती नोंदवली गेली होती: पहिला धक्का बरा होण्याआधी दुसरा बसला तर मेंदूला जीवघेणी सूज येऊ शकते. ही अवस्था दुर्मीळ आहे, तिच्या कारणांवर अजून वाद आहेत. पण नोंदलेले रुग्ण प्रामुख्याने किशोरवयीन आणि तरुण होते.

हे माहीत असतानाही 1997 मध्ये एक मार्गदर्शिका आली, तिच्यात हा नियम होता: शुद्ध हरपली नसेल आणि गोंधळलेपण 15 मिनिटांत ओसरलं तर खेळाडूला त्याच सामन्यात परत उतरवता येईल. दर 5 मिनिटांनी तपासणी करायची, एवढीच अट. 15 मिनिटं म्हणजे जेमतेम एक मध्यंतर. प्रशिक्षकांच्या हाती याहून सोयीचा नियम पडला नसता. अडचण अशी की लक्षणं काही तासांनी, कधी दुसऱ्या दिवशीही उमटतात, आणि परत खेळायला उतावीळ झालेलं मूल 'मी ठीक आहे' याशिवाय काही सांगत नाही.

2001 मध्ये व्हिएन्नात भरलेल्या तज्ज्ञांच्या बैठकीनंतर श्रेणी मोडीत निघू लागल्या. तरी 2004 मध्ये प्रागच्या पुढच्या बैठकीत 'साधी' आणि 'गुंतागुंतीची' असे दोन भाग पुन्हा पाडलेच. साधी कोणती, तर 7 ते 10 दिवसांत बरी होते ती. म्हणजे नाव बरं झाल्यावर कळणार, निर्णय मात्र आजच हवा! 2008 मध्ये झ्युरिकला ही विभागणीही गेली आणि मुलांसाठी स्पष्ट ठरलं: त्या दिवशी परत खेळायचं नाही. मोठ्यांसाठी काही ठिकाणी सूट होती, ती 2012 ला संपली. दशकभर चाललेला हा घोळ टाळता आला असता, असं मला वाटतं.

कायदा आला 2009 मध्ये, अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यात. त्यामागे 2006 मधली एका 13 वर्षांच्या मुलाची घटना होती. डोक्याला लागूनही तो त्याच सामन्यात पुन्हा खेळला आणि मेंदूतल्या रक्तस्रावाने त्याला कायमचं अपंगत्व आलं. कायद्यातला कळीचा शब्द 'संशय'. निदानाची वाट पाहायची नाही, संशय आला की मूल बाहेर, आणि आरोग्यतज्ज्ञाच्या लेखी परवानगीशिवाय परत आत नाही. 2014 पर्यंत अमेरिकेच्या सर्व राज्यांनी असे कायदे केले.

मग लंबक दुसऱ्या टोकाला गेला. मुलांना अंधाऱ्या खोलीत दिवसेंदिवस पडून राहायला सांगितलं जाऊ लागलं. 2015 च्या एका चाचणीत 5 दिवस सक्त विश्रांती घेतलेल्यांनी 1-2 दिवस विश्रांती घेतलेल्यांपेक्षा जास्त लक्षणं नोंदवली. अॅमस्टरडॅमच्या 2022 च्या बैठकीतून निघालेला सल्ला असा: पहिले 48 तास बेताची विश्रांती, त्यातही थोडं चालणं-फिरणं चालेल, स्क्रीन कमी, मग पायरीपायरीने खेळ. पूर्ण खेळ सुरू होण्याआधी शाळा पूर्ववत व्हायला हवी. आपल्या ओळखीच्या फुटबॉलमध्ये, म्हणजे सॉकरमध्ये, 10 वर्षांपर्यंतच्या मुलांना डोक्याने चेंडू मारायला अमेरिकेत 2015 च्या अखेरीस मनाई झाली, आणि इंग्लंडमध्ये 2020 पासून प्राथमिक वयोगटाच्या सरावातून ते वगळण्यात आलं.

तीच हालचाल पुन्हा पुन्हा केल्याने होणाऱ्या, म्हणजे अतिवापराच्या दुखापतींचा इतिहास वेगळा आणि कमी गाजलेला. बेसबॉलमध्ये चेंडू फेकणाऱ्या मुलांच्या कोपराच्या दुखण्याला 1960 मध्येच नाव मिळालं होतं. तरी मुलांच्या सर्वात मोठ्या स्पर्धेत डावांऐवजी प्रत्यक्ष फेकी मोजायला 2007 उजाडलं. 11-12 वर्षांच्या मुलांसाठी दिवसाला 85. क्रिकेटमध्ये वेगवान गोलंदाज मुलांच्या षटकांवर वयानुसार मर्यादा आहेत, कारण वाढत्या वयात कमरेच्या मणक्यांना तडे जातात. पण हा हिशेब ठेवतो एकेक संघ. मूल शाळेकडूनही खेळत असेल आणि क्लबकडूनही, तर दोन्हींची बेरीज सहसा कुणाच्याच वहीत नसते.