आधी बाळं पाठवायचे, आता आईबाबांना यावं लागतं

माझी मावसबहीण, म्हणजे आमची ताई, न्यू जर्सीला असते, वीस वर्षं झाली तिकडे, ती आणि भाऊजी दोघंही आता अमेरिकन सिटिझन आहेत. पुढच्या महिन्यात दोघं इकडे येतायत, सुट्टीला नाही, दत्तक घेतलेल्या मुलीला न्यायला. विदर्भातल्या एका शिशुगृहात अडीच वर्षांची एक पोरगी आहे, तिला एका कानाने जवळपास ऐकूच येत नाही, ती आता ह्यांची झालीये. परवा कॉलवर ताईने बॅग दाखवली तर त्यात एकाच फ्रॉकचे दोन साईझ होते, कारण रिपोर्टवरचं वजन चार महिन्यांपूर्वीचं आणि ह्या वयात चार महिन्यांत पोर केवढं वाढेल कोण सांगणार. बॅगेच्या शेजारी फाईल, चांगली चार बोटं जाड. होम स्टडी म्हणजे घराच्या तपासणीचा रिपोर्ट, पोलीस क्लिअरन्स, पगाराच्या स्लिपा, डॉक्टरांची सर्टिफिकेटं, आय-800ए नावाचा अमेरिकन फॉर्म, कारा ह्या आपल्या केंद्रीय दत्तक संस्थेची एनओसी, सगळ्यावर शिक्के. मावशी म्हणाली, अगं घर घेताना सुद्धा एवढे कागद नव्हते लागले, एका अनाथ लेकराला आईबाप मिळतायत तर सरकारला एवढा त्रास का?

प्रश्न मनात राहिला म्हणून हा सगळा इतिहास वाचत गेले आणि आता मला त्या फाईलचा राग येत नाही. त्यातला जवळपास प्रत्येक कागद कुठल्या तरी लेकराच्या बाबतीत काहीतरी वाईट घडलं म्हणून आलाय.

आपल्याला दत्तक हा शब्द नवीन नाही. सातारची गादी 1848 मध्ये इंग्रजांनी दत्तक नामंजूर म्हणून खालसा केली, झाशीचं पण तेच, हे शाळेत शिकलोय. कागलच्या घाटग्यांच्या घरातला मुलगा 1884 मध्ये कोल्हापूरच्या गादीवर दत्तक गेला आणि शाहू महाराज झाला. पण ते दत्तक म्हणजे वंश चालवायला मुलगा, बहुतेक भाऊबंदांतलाच, मुलगी नाहीच. हिंदू कायद्यात मुलगी दत्तक घेणं सरसकट मान्य झालं ते 1956 च्या कायद्याने. म्हणजे घराला वारस हवा म्हणून मूल, असंच शेकडो वर्षं चालत आलं. मुलाला घर हवं म्हणून दत्तक, आणि ते पण दुसऱ्या देशात, ही गोष्ट बरीच अलीकडची, दुसऱ्या महायुद्धानंतरची.

अमेरिकेत पर्ल बक ह्या नोबेल मिळालेल्या लेखिकेने 1949 मध्ये वेलकम हाऊस नावाची संस्था काढली, आणि ती काढायला निमित्त झालं ते एक अर्धं भारतीय बाळ होतं. आई अमेरिकन, वडील भारतीय, आणि त्या काळच्या दत्तक संस्था म्हणायच्या की अशा मिश्र रंगाच्या मुलाला घर मिळणारच नाही. तिने ते बाळ स्वतःकडे आणलं. हे वाचलं तेव्हा मी ताईला लगेच मेसेज केला.

खरी सुरुवात झाली कोरियातून. 1950 ते 53 चं युद्ध, हजारो अनाथ, त्यात अमेरिकन सैनिकांपासून झालेली मुलं ज्यांना तिथला समाज घ्यायला तयार नव्हता. ओरेगनमधला एक शेतकरी, हॅरी होल्ट, आणि त्याची बायको बर्था ह्यांनी आठ मुलं घ्यायचं ठरवलं, कायद्याने दोनपेक्षा जास्त आणता येत नव्हती तर 1955 मध्ये अमेरिकन संसदेने खास त्यांच्यासाठी कायदा केला, आणि ऑक्टोबरमध्ये होल्ट बारा मुलं घेऊन विमानातून उतरला, आठ स्वतःची, चार दुसऱ्या घरांची. पेपरात फोटो छापून आले, पत्रांचा पाऊस पडला, सगळ्यांना कोरियन बाळ हवं होतं.

आणि इथेच ती गोष्ट सुरू झाली जी मला आजही पचत नाही. प्रॉक्सी दत्तक. म्हणजे अमेरिकेतल्या आईबाबांनी कोरियात पाऊल ठेवायचं नाही, तिथला कोणीतरी प्रतिनिधी त्यांच्या वतीने कोर्टात सही करणार, मुलं चार्टर विमानात भरून येणार आणि आईबाबा एअरपोर्टवर जाऊन घेणार. घराची नीट तपासणी नाही, मूल आधी पाहिलेलं नाही, मुलाने ह्यांना पाहिलेलं नाही. दोन वर्षांचं पोर, भाषा वेगळी, वास वेगळा, अख्खा दिवस विमानात रडून थकलेलं, आणि दारात अनोळखी माणसं हात पसरून उभी. समाजकार्यातले लोक तेव्हाच ओरडत होते की ह्यात मुलांचे हाल होतायत, आणि 1961 मध्ये अमेरिकेने कायदा बदलून ही प्रॉक्सी पद्धत बंद केली, आईबापांनी मूल आधी प्रत्यक्ष पाहिलेलं नसेल तर ते इकडे आल्यावर दत्तकाची प्रक्रिया पुन्हा करायची असं ठरलं. ताईच्या फाईलमधला सगळ्यात जाड भाग जो होम स्टडीचा आहे, सोशल वर्कर घरी येऊन फ्रीजपासून लग्नापर्यंत सगळं विचारून गेली तो, त्याचं मूळ ह्या काळात आहे.

मुलं विमानाने पाठवणं मात्र थांबलं नाही. एप्रिल 1975, दक्षिण व्हिएतनामची राजधानी सायगाव पडायच्या बेतात, अमेरिकेने अडीच हजारांहून जास्त मुलं व्हिएतनाममधून उचलून नेली, ऑपरेशन बेबीलिफ्ट. पहिल्याच दिवशी, 4 एप्रिलला, मुलांनी भरलेलं लष्करी सी-5 विमान टेकऑफनंतर थोड्याच वेळात पडलं, 138 माणसं गेली, त्यात 78 मुलं. आणि जी पोचली त्यातली बरीच अनाथ नव्हतीच, कोणाची आई जिवंत होती, कोणाला फक्त युद्ध संपेपर्यंत आश्रमात ठेवलं होतं, पुढे ह्यावर अमेरिकेत कोर्टात खटला पण झाला.

भारतातून पण तेव्हा मुलं जात होती, स्वीडन, हॉलंड, स्वित्झर्लंड, अमेरिका, बऱ्याचदा एस्कॉर्टबरोबर, म्हणजे तिकडे जाणारा कोणीतरी प्रवासी दोनतीन बाळं सोबत घेऊन जायचा. कायदा काय होता तर परदेशी माणसासाठी दत्तकाचा कायदाच नव्हता. 1956 चा कायदा हिंदूंपुरता. सगळ्या धर्मांना चालेल असं बिल 1972 मध्ये आणि परत 1980 मध्ये आलं, दोन्ही वेळा अडकलं. मग इंग्रजांच्या 1890 च्या कायद्याखाली परदेशी जोडपं कोर्टाकडून फक्त पालकत्व घ्यायचं, बाळ देशाबाहेर न्यायचं आणि दत्तक आपल्या देशात करायचं. तिकडे केलं नाही तर? विचारणारं कोणी नव्हतं.

1982 मध्ये लक्ष्मीकांत पांडे नावाच्या वकिलांनी सुप्रीम कोर्टाला एक पत्र लिहिलं. साधं पत्र, वर्तमानपत्रातल्या बातम्या वाचून लिहिलेलं, की दत्तकाच्या नावाखाली कोवळी मुलं जिवावरच्या लांबच लांब प्रवासाला पाठवली जातायत आणि तिकडे काहींच्या नशिबी भीक किंवा त्याहून वाईट येतंय. कोर्टाने पत्रालाच याचिका मानलं आणि 6 फेब्रुवारी 1984 ला न्यायमूर्ती भगवतींनी निकाल दिला. तो वाचताना मला भारी वाटलं, कारण संसदेला जे बारा वर्षं जमलं नव्हतं ते एका निकालात उभं राहिलं. मूल आधी भारतातच द्यायचा प्रयत्न करा, नाही झालं तरच बाहेर. परदेशी जोडप्याने थेट यायचं नाही, मान्यता असलेल्या संस्थेकडूनच, होम स्टडी पाहिजेच. जन्मदात्या आईवर दबाव नको, आणि बाळ जन्मायच्या आधी तिच्याकडून काही लिहून घ्यायचं नाही. ह्याच निकालात एका केंद्रीय संस्थेची कल्पना होती आणि 1990 मध्ये कारा आली.

तरी घाण थांबली नाही हे पण सांगायला हवं. 1999 ते 2001 च्या दरम्यान आंध्रात लंबाडा, म्हणजे बंजारा, तांड्यांवरून थोड्या पैशात मुली विकत घेऊन दत्तकाला दिल्याचं बाहेर आलं, सरकारला नियमच बदलावे लागले. चेन्नईत फूटपाथवर झोपलेली मुलं चोरून खोट्या कागदांनी परदेशात पाठवली गेली, त्या आया वर्षानुवर्षं पोलीस स्टेशनच्या पायऱ्या चढत होत्या. आपल्या पुण्यातल्या एका संस्थेचं प्रकरण पण हायकोर्टात आणि सीबीआयपर्यंत गेलं. ह्या सगळ्यात दत्तक घेणारे बहुतेक लोक ताईसारखेच साधे होते, त्यांना खोटं काही सांगितलंय हे दहापंधरा वर्षांनी कळलं, आणि त्या मुलाला काय वाटलं असेल ह्याचा विचार केला की पोटात गोळा येतो.

म्हणून आजची पद्धत अशी आहे. मूल सापडलं तर बाल कल्याण समितीपुढे न्यायचं, आईवडिलांचा शोध घ्यायचा. पेपरात आतल्या पानावर छोट्या चौकटीत बाळाचा फोटो आणि खाली ओळखणाऱ्याने संपर्क साधावा असं असतं ना, आपण पान उलटून पुढे जातो, ते ह्यासाठीच. ताईच्या मुलीचं पण असं कात्रण आहे, फाईलमध्ये झेरॉक्स लावलीये, फोटोत ती दुपट्यात गुंडाळलेली, डोळे मिटलेले. कोणी आलं नाही. आईने स्वतः मूल सोपवलं असेल तर तिला विचार बदलायला दोन महिने मिळतात. मग मूल कायद्याने मोकळं झाल्याचं समिती जाहीर करते, मग ऑनलाईन यादीत नाव, आधी देशातल्या पालकांना आणि एनआरआयना, त्यानंतर बाकीच्यांना. बाहेर जाणाऱ्यांत म्हणूनच जास्त करून थोडी मोठी किंवा काही आजार, अपंगत्व असलेली मुलं असतात. आपल्याकडे त्या पोरीच्या कानाकडे बघून किती जणांनी नाही म्हटलं असेल, मला राहून राहून तेच वाटतं.

जगभरासाठी नियम झाला तो हेग करार, परदेशी दत्तकाबद्दलचा देशादेशांमधला करार, 29 मे 1993 चा. भारताने तो 2003 मध्ये मान्य केला, अमेरिकेत 1 एप्रिल 2008 पासून लागू झाला. त्यात एकोणिसावं कलम आहे, की मुलाचा प्रवास सुरक्षितपणे आणि शक्यतो नव्या आईबाबांच्या सोबतीनेच व्हावा. एवढंसं वाक्य, पण होल्टच्या विमानापासून तिथपर्यंत यायला जवळपास चाळीस वर्षं लागली. आपल्याकडे आता आईबाबांनी स्वतः येऊनच मूल न्यायचं असतं.

आईबाबांनी येण्याची पद्धत सगळ्यात मोठ्या प्रमाणावर दिसली चीनमध्ये. 1992 मध्ये तिथला दत्तक कायदा लागू झाला, घरटी एकच मूल ह्या धोरणामुळे अनाथालयं मुलींनी भरलेली, आणि अमेरिकन जोडपी गटागटाने जायची, शेवटी सगळ्यांना व्हिसासाठी ग्वांगझू शहरात यावं लागायचं. तिथल्या व्हाईट स्वान हॉटेलच्या लॉबीत सगळ्या बाळांना लाल सोफ्यावर ओळीने बसवून फोटो काढायची पद्धतच पडली होती, निम्मी रडतायत, निम्मी कडेला कलंडलेली. एकट्या अमेरिकेत 80 हजारांवर मुलं गेली. मग 2005 मध्ये हुनान प्रांतात अनाथालयंच मुलं विकत घेत होती असं निघालं. पुढे कोविडमध्ये 2020 ला सगळं थांबलं आणि सप्टेंबर 2024 मध्ये चीनने परदेशी दत्तक बंदच केलं. शेकडो घरं अशी होती जिथे मुलाचा फोटो भिंतीवर लागलेला, खोली रंगवून तयार, चारपाच वर्षं वाट बघितलेली, आणि मग एक ईमेल.

एकूणच हे आता आटत चाललंय. अमेरिकेत 2004 मध्ये परदेशातून जवळपास 23 हजार मुलं आली होती, 2023 मध्ये 1,275. रशियाने 2012 च्या शेवटी अमेरिकनांना बंदी केली, इथिओपियाने 2018 मध्ये परदेशी दत्तक बंद केलं, हॉलंडने 2024 मध्ये हळूहळू बंद करायचं ठरवलं. कोरियाच्या सत्यशोधन आयोगाने मार्च 2025 मध्ये मान्य केलं की मुलांचे कागद खोटे केले गेले, ओळखी बदलल्या गेल्या, आणि तिथून एकूण गेलेली मुलं सुमारे दोन लाख. आपल्याकडे 2024-25 मध्ये 4,515 दत्तकं झाली, त्यातली 4,155 देशातच, आणि हे मला मनापासून चांगलं वाटतं, ताईच्या बाबतीत आनंद असूनही.

हे सगळं बाहेर काढलं कोणी, तर बऱ्याच अंशी त्या मोठ्या झालेल्या मुलांनीच. चाळिशी पन्नाशीतली माणसं युरोपातून पुण्याला, मुंबईला, नागपूरला येतात, हातात एक पिवळा पडलेला कागद, आई अज्ञात. काही तर अमेरिकेत वाढून, कागदच नीट केले नव्हते म्हणून सिटिझनच नव्हते, काहींना हाकलून दिलं गेलं, कारण आपोआप नागरिकत्व देणारा कायदा फेब्रुवारी 2001 पासून लागू झाला आणि तेव्हा अठरा पूर्ण झालेले सुटले. हे मी ताईला सांगितलं तेव्हा ती गप्प झाली. मग म्हणाली, त्या पेपरच्या कात्रणाची झेरॉक्स नको, मी ओरिजिनल पेपर मिळवते, तिला अठरा झाल्यावर बघायचा असेल तर.

महिन्यापूर्वी तिने संस्थेत एक फोटो अल्बम पाठवलाय, घर, कुत्रा, मावशी, भाऊजी, प्रत्येक पानावर एकच मोठा फोटो. तिथल्या सांभाळणाऱ्या बायका रोज झोपताना पोरीला तो दाखवतात. परवाच्या कॉलवर पोरीने अल्बम उघडून भाऊजींच्या चष्म्यावर बोट ठेवलं आणि मग स्क्रीनवरच्या चष्म्यावर ठेवलं. येतानाची दोन तिकिटं काढून झालीयेत. जातानाचं तिसरं अजून नाही, ऑर्डर झाली पण पासपोर्ट यायचाय.