प्लेगचा तक्ता एकच, वाचणारे दोन: साथरोगतज्ज्ञ आणि वैद्यकाचा इतिहासकार

मी वैद्यकाच्या इतिहासावर काम करते असं सांगितलं की समोरचा माणूस एकतर गुडघ्याचा एक्सरे पुढे करतो, नाहीतर विचारतो की पुढची साथ कधी येणार. एक्सरेचं सोपंय, मी डॉक्टर नाही. साथीच्या प्रश्नात मात्र घोळ होतो, कारण तो विचारायचा असतो एपिडेमिऑलॉजिस्टला, म्हणजे साथरोगतज्ज्ञाला, आणि आम्ही दोघंही त्याच जुन्या साथींचे तेच पिवळे पडलेले कागद घेऊन बसलेलो असतो, त्यामुळे लांबून बघणाऱ्याला एकाच दुकानातले वाटतो.

मुंबईचा प्लेगच घ्या. सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवीत डॉ. अकासियो व्हिएगस यांनी, हे मूळचे गोव्याचे, प्लेग ओळखला, आणि मग तो पुढे कितीतरी वर्षं थंडी आली की परत डोकं वर काढत राहिला. दर आठवड्याला प्लेगने किती मेले याची नोंद व्हायची. त्यातले १७ डिसेंबर १९०५ ते २१ जुलै १९०६ एवढ्याच काळातले आकडे करमॅक आणि मॅकेंड्रिक या दोघा शास्त्रज्ञांनी १९२७ मध्ये आपल्या पेपरात वापरले. कोविडच्या वेळी टीव्हीवर सारखं ज्या एसआयआर मॉडेलचं नाव यायचं ना, त्याचं मूळ हाच पेपर. (मॅकेंड्रिक आधी इंडियन मेडिकल सर्व्हिसमध्ये होते, कसौलीच्या पाश्चर इन्स्टिट्यूटचे प्रमुख. म्हणजे हिंदुस्थानातली साथ त्यांना नुसती कागदावरून माहीत होती असं नाही.)

त्यांची आयडिया अशी, की लोकांचे तीन गट करा, ज्यांना लागण होऊ शकते ते, ज्यांना झालीय ते, आणि जे बरे झाले किंवा गेले ते, आणि माणसं एका गटातून दुसऱ्यात किती वेगाने सरकतात ते गणितात मांडा. मग कळतं की सगळ्यांना लागण व्हायच्या आधीच साथ ओसरते. मुंबईचे आकडे त्या गणितावर छान बसले, घंटेसारखा आलेख, शिखरावर आठवड्याला ९०० च्या आसपास मृत्यू. त्यात एक शॉर्टकट होता, तो त्यांनी स्वतःच लिहून ठेवलाय: नोंद झालेल्या केसेसपैकी निदान ८० ते ९० टक्के दगावतात, म्हणून तिसऱ्या गटाच्या जागी सरळ मृत्यूच धरले.

आता साथरोगतज्ज्ञ याच्यावर काय भांडतो? तो म्हणतो अहो, प्लेग उंदरांचा, पिसवा तो माणसात आणतात, मग आलेख मे-जूनला खाली आला तो मॉडेल सांगतं त्या कारणाने का उन्हाळा तापला आणि पिसवा कमी झाल्या म्हणून? प्रश्न रास्त आहे. त्याच सुमाराला परळच्या लॅबमध्ये, जिला आज आपण हाफकिन म्हणतो, प्लेग कमिशन उंदीर-पिसवांवरच प्रयोग करत होतं. पण या भांडणात दोन्ही बाजू तो आकडा खरा धरूनच बोलतात हे लक्षात घ्या.

मी त्या तक्त्याच्या मथळ्यावरच अडकते. ‘प्लेगने मृत्यू’ हे लिहिलं कोणी? १८९६-९७ च्या पहिल्या महिन्यांत मुंबईत एकूण मृत्यू नेहमीच्या कितीतरी वर गेले होते, पण प्लेगच्या रकान्यात त्या मानाने कमी दिसत होते, कारण घरात प्लेग आहे कळलं की पेशंटला हॉस्पिटलात नेणार, घरच्यांना वेगळं काढणार, सामान जाळणार, मग लोक आजार लपवायचे नाहीतर साधा ताप म्हणून नोंदवायचे आणि लाखो माणसं तर शहर सोडूनच गेली. म्हणजे भीती जितकी जास्त तितका आकडा खोटा. शिवाय ते आकडे जातीधर्माप्रमाणे मांडलेले असायचे, तसे का मांडले, कोणाची वस्ती ‘घाण’ ठरली आणि कोणाची नाही, हे गणितात येत नाही, माझं काम तिथूनच सुरू होतं.

१८९७ चा साथरोग कायदा, सरकारला साथीत खास अधिकार देणारा, तोही तसाच. साथरोगतज्ज्ञाला त्यात उपाय दिसतात, त्यांनी प्रसार किती घटला ते तो मोजतो. मला त्यात त्या वर्षीचं पुणं दिसतं, घराघरात शिरणारे गोरे सोल्जर, २२ जूनला गणेशखिंडीत रँडवर झाडलेल्या गोळ्या, आणि त्याच साथीत पेशंटची सेवा करताना १० मार्चला गेलेल्या सावित्रीबाई. तोच कायदा २०२० मध्ये महाराष्ट्रात परत लागू झाला तेव्हा आम्हा लोकांचे फोन अचानक वाजायला लागले, एरवी वर्षानुवर्षं कोणी विचारत नाही.

मुलकोवालचं प्रकरण माझं फार आवडतं, म्हणजे आवडतं म्हणवत नाही, पण फरक त्यात झटकन कळतो. १९०२, पंजाबातलं गाव, ज्यांच्या नावाने ती परळची लॅब आहे त्या हाफकिन या शास्त्रज्ञाची प्लेगची लस १०७ जणांना टोचली आणि त्यातले १९ धनुर्वाताने गेले. साथरोगतज्ज्ञ बघतो की हे १९ एकाच बाटलीतून टोचलेले, म्हणजे दूषित तेवढीच, विषय संपला. इतिहासकाराचा विषय तिथून पुढे, की बाटली बिघडली कुठे, लॅबमध्ये का गावात उघडताना, यावर चौकशी कशी फिरली, आणि हाफकिनवरचा ठपका पुसायला १९०७ का उजाडावं लागलं.

करिअर म्हणून वाटाच वेगळ्या. साथरोगतज्ज्ञ बहुतेक एमबीबीएस करून पीएसएममध्ये (प्रिव्हेंटिव्ह अँड सोशल मेडिसिन) एमडी, किंवा एमपीएच, म्हणजे सार्वजनिक आरोग्यातली मास्टर्स, आणि मग सरकारी आरोग्य खातं, आयसीएमआर, डब्ल्यूएचओ असं काही. वैद्यकाचा इतिहासकार इतिहासात एमए-पीएचडी करून येतो, काही डॉक्टरही वळतात. अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्सला यासाठी वेगळी संस्था १९२९ पासून आहे, तिचे प्रमुख सिगरिस्ट १९४४ मध्ये भोर समितीच्या, म्हणजे हिंदुस्थानातल्या आरोग्यव्यवस्थेचा आढावा घेणाऱ्या सरकारी समितीच्या, कामासाठी इकडे येऊन गेले होते. आपल्याकडे हैदराबादला १९५६ पासून एक आहे, पण एकंदरीत ‘वैद्यकाचा इतिहास’ अशी पाटी लावलेली नोकरी शोधू नका, साध्या इतिहासाच्या विभागात शिकवत शिकवतच हे काम चालतं.

आणि भाषा. इंग्रजी अहवाल वाचून साहेबाला काय वाटलं ते कळतं. बाकीच्यांचं ऐकायचं तर जुनी मराठी-गुजराती वर्तमानपत्रं हवीत, मागच्या काळात शिरायचं असेल तर मोडी, गोव्यावर काम करायचं तर पोर्तुगीज. कोणी विचारलं की सुरुवात कुठून करू, तर मी सांगते की काळा घोड्याला एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत पुराभिलेख आहेत, तिथे जाऊन प्लेगची एक फाइल मागव आणि आठवडाभर नुसती वाच. तिसऱ्या दिवशी आकड्यांची बेरीज करावीशी वाटली तर एमपीएचचे फॉर्म बघ, आणि समासात कोणीतरी पेन्सिलीने काय खरडलंय ते वाचत बसलास तर मला फोन कर.